मयुरीचा कोपरा

६ जानेवारी, सोमवार

आज मयुरी कंपनीत गेली. पहिला दिवस. सकाळी साडेसातलेच निळा ड्रेस घालून तयार. मी म्हटलं, थांब वं, दही-साखर खाऊन जा. खाल्लं अन् गेली. मी तिच्या मागं मागं गल्लीच्या तोंडापर्यंत गेली, अन् जो भेटला त्याले सांगितलं. भाजीवाल्यालेही सांगितलं. तो म्हणे, "आजी, पालक घेता का?" घेतला. पालक चांगला निघाला.

ही वही मयुरीनंच देली. कंपनीत न्यायले दोन आणल्या होत्या, पण तिथं आत वही-कागद नेऊ देत नाही म्हणते. मग मले म्हणाली, "आजी, तू दिवसभर बोलत राहते, ऐकाले घरात कोणी नसते. लिहून ठेवत जाय." माही शाळा चौथीपर्यंत, खाप्याले, माहेरी. चौथीत होती तं माय म्हणे, कांड्या कोण भरन? मागावर धोटा चालते नं, त्याच्यात सुताची कांडी बसवा लागते. एक माणूस विणे तं दोन जणी कांड्या भरत. तवा शाळा सुटली. पण अक्षर माहं गोल आहे, मास्तर म्हणत.

कंपनीचं काम चिपचं. मोबाईलच्या, कॉम्प्युटरच्या पोटात जे डोकं असते, ते. मयुरीनं माहं नख धरून दाखवलं, एवढीशी राहते, अन् तिच्यात कोटी-कोटी बटनं. मी म्हटलं, अव माय, ती दाबते कोण? लय हासली. इथं फक्त नकाशा काढते, बनते दुसऱ्या देशात. मयुरी तिथं इंटर्न आहे. म्हणजे शिकाऊ. कॉलेजचे शेवटचे सहा महिने तिथंच शिकायचं, अन् काम पसंत पडलं तं जूनमध्ये पक्की करते. कॉलेजच्या चाळीस पोट्ट्यापोट्टींतून दोघांलेच घेतलं, त्यातली एक आमची.

विश्वनाथ, माहा पोरगा, लकडगंजात आरा मशीनवर आहे. संध्याकाळी आला तं अंगभर भुसा, अन् तसाच मयुरीच्या पुढं जाऊन बसला, सांग सांग म्हणे. सून करोनात गेली, तवापासून घरात आम्ही तिघंच. आज सून पाहिजे होती. असू दे. आनंदाच्या दिवशी रडू नये.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत झाली. मयुरीसोबत तिळाचे लाडू पाठवले, सगळ्यांसाठी. गेटावरच्या गार्डनं डबा उघडून पाहिला म्हणे. अन् फोन गेटावरच पेटीत ठेवून घेते, चावी हातात देते. संध्याकाळी परत. मी म्हटलं, बरोबर आहे, नाही तं पोट्टे दिवसभर फोनच पाहतील. मयुरी म्हणे, "त्याच्यासाठी नाही आजी." पण तेवढ्यात कुकरची शिटी झाली.

मले तिनं तिचा जुना फोन देला आहे. समाजाच्या ग्रुपवर आता मीही आहे. सकाळी सगळे फुलं पाठवते. मीही पाठवतो.

२ फेब्रुवारी, रविवार

आता हप्त्यातून दोन दिवस मयुरी घरूनच काम करते. कंपनीनं लॅपटॉप देला. ती बसते त्या खिडकीखाली पहिले तिच्या आजोबांचा माग होता. पाय सोडून बसायचा खड्डा होता तो आम्ही सिमिट टाकून बुजवला. बरोबर त्याच्यावर तिची खुर्ची.

परवा मी चहा ठेवाले गेली अन् पडदा पाहिला. थबकलीच मी. हिरव्या, लाल, निळ्या तारा. बारीक. दाट. मी म्हटलं, "हे त लुगडं आहे वं!"

म्हणे, "आजी, तारा आहे त्या. एका थरात सगळ्या आडव्या, त्याच्या वरच्या थरात सगळ्या उभ्या, मग पुन्हा आडव्या. अशा थरावर थर."

"म्हणजे ताणा अन् बाणा."

तिनं पडदा पुन्हा पाहिला. मग म्हणे, "हाव वं आजी. ताणा-बाणाच." अन् माह्या गालाले हात लावला.

तिच्याकडं एक कोपरा देला आहे. सगळ्या नकाशातला एकच कोपरा, पण तिचा. तिथं जागा कमी अन् तारा जास्त. एक तार लांब झाली तं निरोप पोचाले उशीर होते, अन् उशीर झाला तं सगळंच बिघडते म्हणे. तीन हप्ते झाले, बसून नाही राहिला. मी म्हटलं, किनार वळवताना कोपऱ्यातच घोळ होते, तिथं घाई नाही करायची. करवतीच्या दातासारखी किनार काढत तिचे आजोबा. एक दात चुकला तं बोटभर उसवत. शिव्या देत, पण उसवत.

उठली की ती झाकण लावते. पाणी प्यायले गेली तरी लावते. लय टापटीप पोट्टी.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बसला! कोपरा बसला. मयुरीनं खुर्चीवरून उठून मले फिरवलं, गोल. माहे गुडघे. मी म्हटलं, सोड वं, पडीन. कोथिंबीर आणून सांबारवडी केली रात्रीच्या जेवणाले. विश्वनाथनं अकरा खाल्ल्या.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज घरी आली तं तोंड उतरलेलं. भाकर पुढं घेऊन बसली अन् टपटप आसवं. प्रज्वल म्हणून तिच्यावरचा एक आहे, तिले शिकवणारा. आज मोठ्या लोकांपुढं त्यानं तो कोपरा दाखवला, अन् आम्ही केला, आम्ही केला म्हणे. मयुरीचं नावही नाही घेतलं.

विश्वनाथ म्हणे, "मी येऊ का? दोन शब्द बोलतो त्याच्याशी."

"बाबा, आरा मशीन नाही ते," मयुरी म्हणे.

मी तिले खाप्याची गोष्ट सांगितली. आमच्याकडं कोणी नवी किनार काढली की लुगडं मागावरून उतरल्या उतरल्या चौकात आणत. देवाजी मामा तं वाजत-गाजत आणे. ओट्यावर उलगडून ठेवायचं, साऱ्या गावानं पाहायचं, म्हाताऱ्यांनी हात लावायचा. एकदा गावानं पाहिली की ती किनार देवाजीची. मग दुसऱ्या कोणी तशी काढली तं लोकच म्हणत, ही देवाजीची आहे गा, तू काहून काढली? अन् जो घरात झाकून ठेवे, त्याची दुसराच कोणी घेऊन जाय.

मयुरी नाक पुसून म्हणे, "आमच्याकडं तसं नसते वं आजी." अन् झोपाले गेली.

मले वाटलं, कसं नसते? माणसं सगळीकडं सारखीच.

४ मार्च, मंगळवार

आज एक काम केलं. मयुरीले नाही सांगितलं. उद्या-परवा तिले आपोआपच समजन, अन् पाहा कशी नाचते.

सिलिंडरवाला आला अन् खालूनच ओरडून राहिला, मयुरी पावती घेऊन धावली. पहिल्यांदाच झाकण उघडं राहिलं. तो कोपरा समोर. मी चष्मा पुसला, फोन धरला, दोन फोटो काढले. एक हालला. एक लय सुंदर आला, एक-एक तार दिसते. वर कंपनीचं नावही आलं.

मग समाजाच्या ग्रुपवर टाकला. लिहाले अर्धा तास लागला. लिहिलं, हा नकाशा माही नात मयुरी हिनं काढला. कंपनीच्या नव्या चिपचा आहे. दुसऱ्या कोणाचा नाही. सर्वांनी पाहावा. खाली माहं नाव, तुळजाबाई.

बापा! अंगठेच अंगठे. हात जोडलेले, फुलं, ढोल. उमरेडहून माह्या नणंदेचा फोन. बापूजी, आमच्या समाजाचे म्हातारे अध्यक्ष, त्यांनी स्वतः लिहिलं, कन्येचा अभिमान आहे. पुतण्या भूपेश म्हणे, "काकू, मी हा आणखी पुढं टाकतो, नोकरीवाले लोक पाहते तिथं." मी म्हटलं, टाक गा, सगळीकडं टाक. आता घेऊन दाखव म्हणा प्रज्वलले.

१२ मार्च, बुधवार

मयुरी आज दुपारीच आली. मी म्हटलं, बरं नाही का? काही नाही म्हणे. पाणी प्याली. मग पर्समधून एक कागद काढून माह्यापुढं धरला. तोच फोटो, कागदावर छापलेला.

"आजी, हा फोटो..."

मी टाळ्याच वाजवल्या. म्हटलं, "पोचला का कंपनीपर्यंत! मीच काढला वं. सिलिंडरवाला आला होता नं, तवा. आता सगळ्यायले समजलं कोणाचा कोपरा आहे. दोनशे चाळीस लोकांनी पाहिला तं फक्त आपल्या ग्रुपवर. भूपेशनं टाकला तिथले वेगळे."

ती माह्याकडं पाहतच राहिली. लय वेळ. मले वाटलं, आता हासन, आता हासन. मग म्हणे, "चांगला आला फोटो." एवढंच. अन् कागदाची घडी घातली.

मग तिचा फोन वाजला, अन् ती तिथंच माह्यापुढं उभी राहून बोलली. "हो मॅडम. माझ्या हातूनच झालं. मीच काढला. नाही मॅडम, घरात दुसरं कोणी नसतं."

मी खाटेवर बसून होती. हातात पोळ्यांचं पीठ. दुसरं कोणी नसते म्हणाली. आता माहं काय खरं आहे, म्हातारी माणूस, कोणाले काय सांगायचं माह्याबद्दल. पण लागलं मले. लहानाची मोठी केली. अन् फोटो मीच काढला, सांगाचं होतं आजीनं काढला, मले काय त्याचे पेढे वाटाचे नव्हते. जाऊ दे. पोट्टी थकली असन.

१५ मार्च, शनिवार

काल रंग होता. मयुरी खेळली नाही. आज एक माणूस येऊन लॅपटॉप घेऊन गेला, तिची सही घेतली, गळ्यातलं ओळखपत्रही नेलं. मी विचारलं, तं मयुरी म्हणे, दुरुस्तीले नेला.

संध्याकाळी ती अन् विश्वनाथ मधल्या खोलीत बोलून राहिले होते, हळू-हळू. मग विश्वनाथ एकदम बाहेर आला. माह्यापुढं येऊन उभा झाला. तोंड उघडलं. असा चेहरा त्याचा मी सून गेली तवा पाहिला होता. मयुरीनं मागून येऊन त्याचा हात धरला. "बाबा. एक शब्द नाही."

"मयुरी..."

"नाही म्हटलं नं."

तो चप्पल घालून निघून गेला. मी म्हटलं, "याले काय झालं वं?" म्हणे, "आरा मशीनवर भांडण झालं त्याचं." आता या वयात भांडणं. उद्या त्याच्या आवडीचं पाटवडी रस्सा करतो.

ग्रुपवर पाहिलं तं माहा फोटोही नाही. कोणीतरी मिटवला. जळणारे लोक सगळीकडं असते.

२४ मार्च, सोमवार

मयुरी घरीच आहे. सुटी आहे म्हणते. मले बरंच वाटते, दोघी मिळून शेवया केल्या, गच्चीवर वाळवल्या. पण ती शेवया पसरवता पसरवता मधीच थांबते, अन् हात तसाच.

आज कॉलेजातून फोन आला. मी दाराआड होती. चोरून नाही ऐकलं, दार तिथंच आहे. तिचे हे सहा महिने धरत नाही म्हणे. कंपनीनं पत्र देलं, मुद्दाम केलं म्हणून. वर्ष जाईन.

हे सगळं त्या प्रज्वलचं काम. पोट्टीचा कोपरा घेतला, अन् आता तिलेच काढलं. मी जातो. विश्वनाथ नाही बोलत तं मी बोलतो.

२७ मार्च, गुरुवार

गेली. मयुरीले सांगितलं, डोळ्याच्या डॉक्टरकडं जातो. ऑटोवाल्याले म्हटलं, परसोडीकडं, काचेच्या बिल्डिंगीपाशी. म्हणे, आजी, तिथं सगळ्याच काचेच्या आहे. चार गेटं फिरलो.

गार्ड चांगला निघाला. धम्मानंद नाव, वाडीले खोली करून राहते. म्हणे, "माय, आत नाही जाता येत."

मी म्हटलं, "मले आत नाही जायचं गा. प्रज्वलले बाहेर बोलाव."

"कोण तुम्ही?"

"मयुरीची आजी. लाडू कोणाचे खाल्ले संक्रांतीले?"

त्यानं खुर्ची देली. प्रज्वल नाही आला, एक मॅडम आल्या. भैरवी नाव. चाळिशीच्या असतील, बोलणं पुण्याकडचं. माह्या बाजूले दुसरी खुर्ची घेऊन बसल्या. मी सगळं बोलली. कोपरा, तीन हप्ते, प्रज्वल, चौक, देवाजी मामा. म्हटलं, "तिचं नाव दाबलं तुम्ही. म्हणून मीच फोटो काढला अन् सगळ्यायले दाखवला."

त्या म्हणाल्या, "तुम्ही काढलात?"

"मग! मयुरीले त माहीतही नव्हतं. ती खाली होती, सिलिंडर घ्याले."

त्यांनी खुर्ची माह्याकडं वळवली. मग म्हणाल्या, "आजी, तिनं सांगितलं तिनं स्वतः काढला. मी चार वेळा विचारलं. चारही वेळा तेच."

मी म्हटलं, "कोणी का काढला असन, त्याच्यात बिघडलं काय?"

त्यांनी सांगितलं. मले समजन असं, सावकाश सांगितलं. तो नकाशा कंपनीचाही नसते. गिऱ्हाइकाचा असते, त्यानं विश्वासानं देलेला. बाहेर एक कोपराही दिसला तं त्याचा विश्वास गेला. म्हणून गेटावर फोन घेते. म्हणून वही नेऊ देत नाही. म्हणून ती झाकण लावे. "तुमच्याकडे दाखवलं की ते आपलं होतं. आमच्याकडे दाखवलं की ते जातं."

मग म्हणाल्या, "आणि तिचं नाव कोणी दाबलं नव्हतं, आजी. कोणती तार कोणी ओढली, त्याची नोंद मशीनमध्ये आपोआप होते. तिचं काम आहे हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. जूनमध्ये तिला ठेवून घ्यायचं ठरलेलं होतं."

मी त्यांचे पाय धरले. गार्डनं उचललं मले. मी म्हटलं, "चूक माही आहे. मले काय करायचं ते करा. तिले परत घ्या."

"नाही घेता येत आता. गिऱ्हाइकाला आम्ही तिचं नाव कळवलंय." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "कॉलेजला दुसरं पत्र देते. मुद्दाम केलं नाही, असं. तिचं वर्ष तरी वाचेल. तुम्ही आला होतात हे सांगू का तिला?"

मी नाही म्हटलं.

घरी आली तं मयुरी दारातच. "काय म्हणे डॉक्टर?"

"काही नाही म्हणे. वय झालं म्हणे."

२८ मार्च, शुक्रवार

आज लिहाले काही नाही.

७ एप्रिल, सोमवार

कॉलेजचं पत्र आलं. परीक्षेले बसता येते. पण नोकरीसाठी दुसऱ्या कोणत्या कंपनीपुढं तिले उभं करणार नाही म्हणे. मयुरी मले म्हणाली, "आजी, पाहा, चांगलं झालं नं." मी म्हटलं, लय चांगलं झालं. साखर वाटली.

विश्वनाथ अजून माह्याशी नीट बोलत नाही. नाही बोलला तरी चालते. ताट घेते हातून, तेवढं पुरे.

मयुरीले सांगावं असं रोज वाटते. सकाळी वाटते, दुपारी वाटते. मग वाटते, पोट्टीनं चार वेळा खोटं बोलून मले वाचवलं. तिच्याजवळ दुसरं काही उरलं नाही, आजीले काही माहीत नाही, एवढंच उरलं. ते मी कसं घेऊ तिच्यापासून.

१६ एप्रिल, बुधवार

मयुरी वाडीले कामाले लागली. ट्रान्सपोर्टच्या गोदामात, आल्या-गेल्या मालाची नोंद करते कॉम्प्युटरवर. परीक्षा होईपर्यंत, म्हणते. सकाळी डबा देला. संध्याकाळी केसात धूळ घेऊन आली, बापासारखी.

मी विचारलं, "कसं आहे वं तिथं?"

"मस्त आहे आजी. ट्रकवाले लय हासवते."

मी हासली.

जेवताना विश्वनाथले म्हटलं, "हा फोन तू ठेवून घे गा. मले तो बटनाचा आणून दे, नुसता बोलाचा."

मयुरीचा घास हातातच राहिला. "काहून वं आजी?"

"डोळे दुखते माहे. त्याच्या उजेडानं."

ती माह्याकडं पाहत राहिली. मीही पाहिलं. विश्वनाथनं मान वर केली नाही.

"बरं," मयुरी म्हणाली. "रविवारी डॉक्टरकडं जाऊ. मी येतो सोबत."

मी म्हटलं, "जाऊ."